समोरून येणारी जोडी

मामांची पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची जोडी गेल्या माघात शेवटची धावली. पट साकोली तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात होता. धाव सकाळी झाली. छकड्यावर मामा नव्हते. ते धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या शेजारी उभे होते. माझ्या हातात त्या जोडीसाठी घेतलेला कॅमेरा होता.

मामा लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचे. घरची धानाची शेती. मिसरूड फुटल्यापासून ते शंकरपटाचे धुरकरी, म्हणजे शर्यतीच्या हलक्या छकड्यावर बसून जोडी हाकणारे. पटाच्या सरळ धावपट्टीला आमच्याकडे दान म्हणतात. दोन दानी शेजारी शेजारी असतात आणि दोन जोड्या एकदम सुटतात. पटावर बंदी होती त्या काळातही मामांनी गोठ्यात पटाचे बैल ठेवले. बंदी उठल्यावर धावली ती जोडी त्यांनी गोऱ्हे असल्यापासून वाढवलेली होती. एक पूर्ण पांढरा, दुसऱ्याच्या कपाळावर काळा डाग. मामा त्यांना डावा आणि उजवा म्हणत.

काचबिंदू लक्षात आला तेव्हा मामांच्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले की गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमित घातले तर उजव्या डोळ्यात उरलेली काही काळ टिकेल. किती काळ, हे त्यांनी सांगितले नाही. उजव्या डोळ्याला मधले दिसत होते, कडेचे दिसत नव्हते. मामा त्याला "नळीतून पायल्यासारखं" म्हणत.

त्या तपासणीनंतर आम्ही भंडाऱ्याच्या बसस्थानकासमोर चहा घेतला. मामा, मामी आणि मी. मामा कप खाली ठेवून म्हणाले,

"बाबू, एक सांगू का? मी याइले आतालोक मागूनच पायलं."

"कोणाले?"

"कोणाले म्हणजे? बैलाइले. मले त्यायच्या शेपट्या मालूम, पुठ्ठे मालूम. लोक म्हणतात, तुमची जोडी समोरून येते तं वाघ येऊन राहिल्यासारखी दिसते. मी कधी पायली?"

मामी म्हणाल्या, "मंग एक डाव उतरा छकड्यावरून अन् समोर उभे राहा. दिसन."

"अन् हाकन कोण? तू?"

"हाकीन ना. घर हाकूनच राहिली."

मामा हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुया पेपरात फोटो येतात. मले एक समोरून काढून दे. धावतानाचा. उभे तं मी रोज पायतो. पण लवकर काढ."

उभ्या जोडीचा फोटो काढायला तशीही अडचण होती. पटाचा हंगाम संपेपर्यंत जोडीचा फोटो काढू देत नाहीत, नजर लागते. धावत्या जोडीला नजर लागत नाही, असे मानतात. म्हणून फोटो धावतानाच काढायचा, हे ठरलेलेच होते.

दुसरी अडचण पैशाची. आमच्या घरांत मामा भाच्याच्या पाया पडतो आणि भाच्याचे काही घेत नाही. भाच्याला द्यायचे असते. कॅमेरा मी घेतो म्हटल्यावर मामा रागावले. "भाच्याच्या पैशाचा फोटो मी घरात लावीन काय?" धान विकून आलेल्या पैशांतून त्यांनी काही रक्कम माझ्या हातात ठेवली. त्यात माझे पैसे मिसळायचे नाहीत, असे बजावले. कॅमेऱ्याची किंमत तिथे ठरली.

मोबाइल आधीच बाद होता. बातमीसाठी मी मोबाइलनेच फोटो काढतो. सत्कार, उपोषण, पंचनामा, यांत जागचे कुणी हलत नाही. पटावर बोट टेकवल्यापासून फोटो निघेपर्यंत बैल चौकटीच्या बाहेर गेलेले असतात. शहरातल्या एका फोटोग्राफरला विचारले. तो लग्नांची कामे करतो. त्याने सांगितले की आधी वेग बघा, मेगापिक्सेल नका बघू. एका सेकंदात किती फोटो निघतात आणि तितके काढल्यावर कॅमेरा दम खातो का, ते बघा.

"तुमच्याकडे काय आहे?" मी विचारले.

"माझ्याकडे साधा आहे ना भाऊ. नवरी पळत नाही, म्हणून आपलं भागते."

नागपूरला एका जुन्या-नव्या कॅमेऱ्यांच्या दुकानात एक दिवस गेला. लांबचे जवळ ओढणारा, लेन्स न बदलणारा छोटा कॅमेरा मामांच्या पैशांत बसत होता. तो एका दमात बरेच फोटो काढे आणि मग ते कार्डावर उतरेपर्यंत बंद पडल्यासारखा थांबे. दोन लेन्ससकट येणारा नवा डीएसएलआरही बसत होता, पण त्याचा वेग कमी होता. दुकानदाराने कपाटातून एक नवा मिररलेस काढला. "हा घ्या साहेब. जनावराचा डोळा ओळखते आणि सोडत नाही." त्याची किंमत मामांच्या रकमेच्या कितीतरी पुढे होती. तो परत कपाटात गेला.

शेवटी वापरलेला एक डीएसएलआर ठरला. खेळांच्या फोटोंसाठी बनवलेले मॉडेल, काही वर्षे जुने, कोपऱ्यावरचे रबर निघालेले. वेग चांगला होता. उरलेल्या पैशांत एक जुनी लांब झूम लेन्स बसली. दुकानाबाहेर उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलींचे फोटो काढून पाहिले. चाकाच्या ताराही मोजता येत होत्या. मोटारसायकली डावीकडून उजवीकडे जात होत्या.

पहिला पट पौषात, लाखांदूर तालुक्यातच होता. ओळखीने दानीच्या शेवटी, बांबूच्या कठड्याबाहेर जागा मिळाली. जोडी सुटल्यापासून समोरून जाईपर्यंत मी बटण सोडले नाही. मामांची जोडी त्या धावेत पुढे आली. लोकांनी मामांना उचलले.

संध्याकाळी दिघोरीच्या घरी फोटो लॅपटॉपवर पाहिले. एकाही फोटोत बैल स्पष्ट नव्हते. आडवे जाणाऱ्या वस्तूचे अंतर फारसे बदलत नाही. सरळ अंगावर येणाऱ्याचे प्रत्येक क्षणी बदलते, आणि जुन्या लेन्सची मोटर तितक्या वेगाने फिरत नव्हती. प्रत्येक फोटोत फोकस बैलांच्या मागे राहिला होता. बैल पुसट होते आणि त्यांच्या मागे छकड्यावर बसलेले मामा स्पष्ट होते. पटक्याची वीण, हनुवटीवरचे खुंट, कासऱ्यावरची बोटे, सगळे दिसत होते.

मामा स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन बसले. "बैल कुठी हाय?"

"हे पुढचे. पुसट आलेत. लेन्स मागे पडली."

मामी मागे उभ्या होत्या. त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे बोट केले. "डोळे काहून मिटले यात?"

मी पुढचा फोटो लावला. मग त्याच्या पुढचा. धाव सुरू झाल्यापासून जोडी कठड्यापाशी येईपर्यंतच्या सगळ्या फोटोंत मामांचे डोळे मिटलेले होते.

"धूळ होती," मामा म्हणाले.

"दानीवर पाणी मारलं होतं," मी म्हणालो.

मामा स्क्रीनपासून मागे सरले. मग म्हणाले, "उघडे ठेवले काय अन् मिटले काय, धावताना सारखंच हाय आता. उघडे ठेवले तं नुसतं हालते. मिटले म्हणजे कासरा समजते."

"कवापासून?" मामींनी विचारले.

"मागच्या साली तरी थोडं दिसत होतं."

मामी खाली बसल्या. "शेजारच्या दानीवर लोकाचं लेकरू हाकत होतं. तुमचे बैल तिकडं गेले असते म्हंजे?"

"नाई गेले ना."

"नाई गेले." मामींचा आवाज चढला नाही. "आता बसायचं नाई छकड्यावर. बस."

मामांनी वाद घातला नाही. पुढच्या पटाला जोडी मामींचा भाऊ हाकेल, असे त्याच बैठकीत ठरले. तोही जुना धुरकरी होता. मामा म्हणाले, "चांगलं झालं. मले समोर उभं राहता येईन." मामी उठून आत गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात मी लेन्स घेऊन नागपूरला गेलो. लांब झूम देऊन तिच्या बदल्यात कमी पल्ल्याची, झूम नसलेली एक लेन्स मिळाली. तिची मोटर चपळ होती आणि वर पैसे द्यावे लागले नाहीत. पल्ला कमी असल्याने जोडी जवळ येईपर्यंत थांबावे लागणार होते. यावेळी चाचणी दुकानासमोर घेतली नाही. भंडाऱ्याला परत येऊन बायपासच्या कडेला उभा राहिलो आणि सरळ समोरून येणाऱ्या गाड्यांचे फोटो काढले. नंबरप्लेट वाचता येत होत्या.

माघातल्या पटापर्यंत मामांची नजर आणखी उतरली होती. थेंब चालू होते. मांडवापासून दानीच्या टोकापर्यंत ते माझ्या खांद्यावर हात ठेवून आले. ओळखीचे लोक थांबवत होते. "काय जी, आज खाली?" मामा म्हणत, "आज पाहुणा हाय मी. पाहाले आलो." कोणीतरी म्हणाले, "मंग पागोटं तरी बांधाचं होतं, पाहुण्यानं." मामा त्यावर मनापासून हसले.

मी त्यांना कठड्यापाशी उभे केले, तोंड सुरुवातीच्या झेंडीकडे करून. "सरळ समोर पाहा," म्हणालो. त्यांनी दोन्ही हात बांबूवर ठेवले आणि मान थोडी पुढे काढली. आमच्या जोडीची पाळी लाउडस्पीकरवर पुकारली गेली.

"कोणती दान?"

"डावी. आपल्या बाजूची."

झेंडी पडली. गर्दीचा आवाज उठला तेव्हा मी डोळा कॅमेऱ्याला लावला. जोडी सरळ आली. छकडा उडत होता, मामींचा भाऊ मागे झुकलेला होता. चौकट भरेपर्यंत थांबून मी बटण दाबले आणि दाबून ठेवले. दोन्ही बैल कठड्याला लागून आमच्या बाजूने पुढे गेले. बांबू हादरला. चिखलाचे शिंतोडे मामांच्या सदऱ्यावर उडाले. जोडी आमच्या मागे शेताच्या मोकळ्या तुकड्यात जाऊन थांबली आणि तिथे माणसे तिला धरायला धावली.

मामा अजून झेंडीकडे पाहत होते.

"आले का?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "गेले, मामा."

"गेले?" त्यांनी बांबू सोडला नाही. "मले वाटलं, दुसरी जोडी होय."

जोडी हरली. मामींच्या भावाने येऊन मामांना सांगितले की उजवा सुटताना अडखळला. मामा म्हणाले, "तो तसा अडखळतेच. त्याले कासरा थोडा ढिला पाहिजे, मी सांगाले भुललो." मग ते बैलांकडे घेऊन चल म्हणाले. तिथे त्यांनी दोघांच्या तोंडावरून हात फिरवला आणि हाताला लागलेला फेस सदऱ्याला पुसला.

या वेळचे फोटो स्पष्ट आले होते. त्यातल्या एकात दोन्ही बैलांचे सगळे खूर जमिनीच्या वर होते. तो मी भंडाऱ्याच्या लॅबमध्ये मोठा करून घेतला. प्रिंटचे पैसे मामांच्या रकमेतून गेले. जोडी दरम्यान विकली गेली होती. घेणारा बालाघाटकडचा होता. मामा टेम्पोपर्यंत गेले नाहीत.

मी फोटो घेऊन दिघोरीला गेलो तेव्हा मामा अंगणात खाटेवर होते. त्यांनी तो उन्हात धरला, उजव्या डोळ्याजवळ नेला, बाजूला केला, पुन्हा जवळ नेला. बराच वेळ हे चालले. नंतर तो मामींकडे दिला.

"तू सांग."

मामींनी पदराने हात पुसले. "काय सांगू?"

"कसे दिसून राहिले ते सांग."

"डाव्यानं तोंड उघडलं. जीभ एका बाजूले हाय. उजवा..." मामी थांबल्या. "उजवा रागात दिसते. तुमच्यावानी."

"पुढं कोण?"

"डावा. थोडासाच."

"अन् पाय?"

"वर हाय. समदे वर हाय."

"जमिनीले एकबी नाई?"

"एकबी नाई."

"बरं," मामा म्हणाले. "आणखी सांग."

मामींनी आणखी सांगितले. त्या आठवड्यात भंडाऱ्याला मामांची तपासणी झाली. उजव्या डोळ्याला उजेड कळतो, आकार कळत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.