अनेलेबाईंचा हॉटस्पॉट

लाटव्हियाच्या पूर्व टोकाला, लाटगालेत, विल्कसाला नावाचं गाव आहे. तिथल्या वाचनालयात अनेले वुश्काने यांनी सदतीस वर्षं काम केलं. आईचं आजारपण काढण्यात लग्नाचं वय निघून गेलं आणि नंतर कुणी विचारलं नाही, असं त्या स्वतःच हसून सांगत. अंगाने काटकुळ्या, केस मागे घट्ट बांधलेले, हिवाळा-उन्हाळा एकच करडा स्वेटर. पुस्तकं देणं-घेणं हे त्यांचं कागदोपत्री काम. खरं काम म्हणजे सकाळी नऊला दार उघडणं आणि शेगडी पेटवणं.

गावात दुसरं दार उरलंच नव्हतं. शाळा बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. टपाल फिरत्या गाडीतून येई. दुकान होतं, पण तिथे जे हवं ते घ्यायचं आणि निघायचं, बसायला बाकडंसुद्धा नाही. तरणी माणसं आयर्लंडला, इंग्लंडला गेलेली. मागे राहिलेले म्हातारे वाचनालयात येत. तिथे तीन संगणक होते आणि जिल्ह्याने दिलेली इंटरनेटची तार होती. विजेचं बिल, डॉक्टरची वेळ, नातवंडांचं तोंड, सगळं त्या तारेतून येई. म्हाताऱ्यांकडे इंटरनेटचे फोन नव्हते, आणि बहुतेक घरांत सिग्नलही धड येत नसे.

मे महिन्यात गावातल्या बायका रोज संध्याकाळी वेशीवरच्या क्रूसापाशी जमून मारियामातेची गाणी म्हणतात. एकोणीस तारखेला गाणं अर्ध्यावर असताना आभाळ फाटलं. बायका वाचनालयाच्या ओसरीत धावल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वीज खांबावर पडली. आत भिंतीवरच्या पेटीतून धूर आला. संगणक बचावले, तार गेली.

दुसऱ्या दिवशी अनेलेबाईंनी शहरात फोन केला. तिकडच्या माणसाने सांगितलं, "लेखी तक्रार पाठवा. तक्रार आली की कंत्राटदाराला पाठवतो."

अनेलेबाईंनी कागद घेतला, तारीख घातली आणि पेन खाली ठेवलं. शेजारच्या बेर्झिने गावाने दोन वर्षांपूर्वी छप्पर गळतं म्हणून असंच पत्र पाठवलं होतं. शहरातून तिघे आले. त्यांनी छप्पर पाहिलं, वाचकांच्या वह्या चाळल्या, आणि वर्षाच्या आत वाचनालयच बंद करून टाकलं. तेव्हापासून या भागात प्रत्येकाने मनाशी ठरवलं होतं की मोडलेलं गुपचूप दुरुस्त करावं, वरच्यांची नजर आपल्याकडे वळू देऊ नये. अनेलेबाईंनी नुसती तारीख घातलेला कागद खणात टाकला आणि त्या दुकानाकडे निघाल्या.

दुकानात गल्ल्यामागे प्रीपेड कार्डं टांगलेली असत. पहिलं घेतलं ते पाच युरोचं, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'अमर्याद' छापलेलं. फोनवर सगळं पळत होतं. पण फोनचं नेट संगणकाला जोडलं की पडद्यावर एक पान येई : या पॅकमध्ये हॉटस्पॉट नाही. दुसऱ्यात दोन जीबी हॉटस्पॉट होता. तो दुपारच्या आत संपला, कारण तिन्ही संगणक इतके दिवस उपाशी होते आणि जोडल्याबरोबर त्यांनी स्वतःच काहीबाही उतरवून घेतलं. मग अनेलेबाईंनी भिंग घेऊन उरलेल्या कार्डांच्या मागचा बारीक मजकूर वाचला. दुकानवाली म्हणाली, "वीस वर्षं कार्डं विकतेय, मागची बाजू वाचणारं गिऱ्हाईक पहिलंच."

तिसरं कार्ड आठ युरोचं. तीस दिवस, फोनवर अमर्याद, हॉटस्पॉटला पंधरा जीबी, त्यानंतर वेग इतका कमी की चित्र वरून खाली उतरेपर्यंत चहा पिऊन व्हावा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : केवळ वैयक्तिक वापरासाठी, इतरांना सेवा म्हणून देता येणार नाही. ती ओळ अनेलेबाईंनी दोनदा वाचली. त्या रविवारी त्यांनी ती चर्चमध्ये पाद्र्यापुढच्या पापनिवेदनात सांगायची की नाही याचा बराच विचार केला, आणि नाही सांगितली.

गावकऱ्यांना पंधरा जीबीचा हिशेब समजावणं हे वेगळंच प्रकरण होतं.

"अमर्याद म्हणताय, मग संपतं कसं?" दोनाटने विचारलं. दोनाट चौऱ्याहत्तर वर्षांचा, सामुदायिक शेतीच्या काळातला ट्रॅक्टरवाला. त्याची मुलगी इनिता आयर्लंडमध्ये अळंबीच्या कारखान्यात कामाला होती.

"फोनला अमर्याद. फोनकडून दुसऱ्या यंत्राला द्यायचं तर मोजून."

"म्हणजे घरच्याने पातेलं चाटून पुसून खावं आणि पाहुण्याला वाटीभर?"

"तसंच."

"कंपनी कुणाची म्हणायची ही? माझ्या सासूची?"

याडविगा म्हणजे अनेलेबाईंची शाळेतली मैत्रीण, आता विधवा, तोंडाची तिखट. ती शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली, "तुझी सासू वाटीसुद्धा देत नव्हती, दोनाट. उगाच मेलेल्या बाईची स्तुती नको."

मग अनेलेबाईंनी पद्धत घालून दिली. बिलं, अर्ज, डॉक्टर हे संगणकावर, हॉटस्पॉटवरून, प्रत्येकी वीस मिनिटं. ज्यात माणसं हलताना दिसतात ते सगळं थेट त्यांच्या फोनवर, कारण तिथे मोजणी नाही. सिग्नल फक्त पूर्वेच्या खिडकीत येई, म्हणून त्या खिडकीशी उभ्या राहून फोन धरत आणि समोर खुर्चीत ज्याची पाळी तो बसे. दोनाटचा हात थरथरतो, तो धरू लागला की आयर्लंडमध्ये नातीला फक्त छत दिसे.

अशा रीतीने गावाची सगळी सुखदुःखं अनेलेबाईंच्या हातात आली. कुणाच्या सुनेने घर सोडलं, कुणाचा मुलगा पैसे पाठवेनासा झाला, कुणाच्या गाठीचा रिपोर्ट वाईट आला. त्या तोंड खिडकीबाहेर वळवून उभ्या राहत, पण कान कुठे वळवणार? दोनाटची सहा वर्षांची नात तर त्यांना 'फोनवाली आजी' म्हणू लागली. इनिताकडे, आणि आणखी नऊ-दहा जणांच्या मुलांकडे, आईबापांचा म्हणून एकच नंबर होता, तो अनेलेबाईंचा.

उन्हाळा गेला, बटाटे निघाले. तार तशीच होती. कधीतरी कंत्राटदार आपोआप येईल, तार जोडली जाईल आणि मधले महिने कुणाच्या ध्यानातही येणार नाहीत, अशी त्यांची आशा होती. पगारातले दर महिन्याचे आठ युरो त्यांना खुपत नव्हते. वाचनालय उघडं राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पत्र आलं. जिल्ह्यातल्या अकरा वाचनालयांपैकी कोणती ठेवायची हे ठरणार होतं. संस्कृती विभागाच्या विनेता क्ल्याविना चौदा तारखेला येऊन गावाशी बोलणार होत्या.

अनेलेबाईंना त्या पत्राने झोप येईना. तीन दिवसांनी त्यांनी याडविगाला सांगितलं, "मी खरं सांगणार आहे. तार मेलीय, सगळं माझ्या कार्डावर चाललंय. सांगितलं नाही तर त्यांना वाटेल इथे कुणी येतच नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" याडविगा म्हणाली. "सरकारी संगणकाला स्वतःचा फोन जोडलास. ती नियमांची चळत काढून तुझ्या पुढ्यात आपटेल. पेन्शनला चार वर्षं आहेत अजून. घरी बसवलं तर खाशील काय, पुस्तकं?"

"पण वाचनालय गेलं तर?"

"नाही जात. तू गप्प बस. आम्ही बघतो."

याडविगाने खरंच बघितलं. दोन दिवस घरोघर हिंडून तिने सगळ्यांना बजावलं, की शहरातली बाई आली की अनेलेबद्दल वेडावाकडा शब्द काढायचा नाही, काही मोडलंय म्हणायचं नाही, तक्रार करायची नाही.

चौदा तारखेला सत्तावीस माणसं जमली. पुरुषांनी चर्चला जायचे कोट घातले होते. याडविगाने शहाजिरं घातलेलं ताजं चीज आणि काळा पाव आणला होता. विनेता चाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची बाई होती. तिने पाव खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, आणि विचारलं, "इथलं इंटरनेट कसं चालतं? काही अडचण?"

"काही नाही," एक जण म्हणाला.

"उत्तम चालतं," दुसरी म्हणाली.

दोनाट उभा राहिला. त्याने घसा साफ केला. "बाईसाहेब, आम्हाला काही म्हणजे काही कमी नाही. तक्रार कशाशी खातात ते या गावाला ठाऊक नाही. अनेलेबाईंसारखी बाई अख्ख्या जिल्ह्यात मिळायची नाही, हे तेवढं लिहून घ्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनेलेबाई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनी खाली पाहिलं.

विनेताने कागद उलटला. "चमत्कारिक आहे. माझ्याकडे मे महिन्यापासून या तारेवर वापर शून्य दाखवतोय. एकही दिवस नाही. आणि एकही तक्रार नाही. तार चालू असेल तर कुणी वापरत नाही, आणि बंद असेल तर सहा महिन्यांत कुणाचं काही अडलं नाही. मी काय समजू?"

याडविगाचा चीज कापणारा हात थांबला. तेव्हा अनेलेबाई पुढे आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं : वीज, पेटी, न लिहिलेली तक्रार, तीन कार्डं, पंधरा जीबी, वीस मिनिटं. खोटं बोलायची वेळ टळली याचं त्यांना हायसंच वाटलं असावं.

विनेताने पेन बंद करून पर्समध्ये ठेवलं.

"हे मी ऐकलं नाही, असं धरून चला," ती हळू आवाजात म्हणाली. "लिहिलं तर तुमची चौकशी लागेल. आणि लिहून तरी काय? समिती मला म्हणेल, आठ युरोच्या कार्डावर गाव भागत असेल तर तार कशाला, इमारत कशाला, शेगडीची लाकडं कशाला?"

"कार्डावर नाही भागत," अनेलेबाई म्हणाल्या. "इथे भागतं."

विनेताला ते कळलं नसेल असं नाही. तिने मान हलवली, थोडा वेळ पुस्तकांच्या रांगांकडे पाहत राहिली, मग कोट घातला. "तुम्ही मे महिन्यात एक ओळ लिहायला हवी होती, अनेलेबाई. एकच ओळ."

गाडी गेल्यावर दोनाटने विचारलं, "मी चांगलं बोललो ना?"

"चांगलं बोललास," त्या म्हणाल्या.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी वाचनालय बंद झालं. संगणक टेम्पोतून गेले, पुस्तकं बेर्झिनेच्या पुस्तकांसारखीच कुठल्याशा गोदामात. अनेलेबाईंना सहा महिन्यांचा पगार आणि भिंतीवर लावायचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की माझं घर आहेच, फोन आहेच, सिग्नल माझ्या स्वयंपाकघरातही येतो. कार्ड मी चालू ठेवीन.

पहिल्या आठवड्यात आठ जण आले. पण वाचनालयात माणूस काही कारण नसतानाही आत शिरतो, बूट न काढता शेगडीशी उभा राहतो, पेपर उलटल्यासारखं करतो. कुणाच्या घरी जायचं तर हातात काहीतरी लागतं. कुणी अंडी आणली, कुणी मधाची बाटली. अनेलेबाई नको म्हणत, तितके ते ओशाळत. देण्यासारखं संपलं तसे ते येईनासे झाले. एकट्या बाईच्या घरी दर रविवारी जायचं म्हणजे दोनाटला तर फारच अवघड वाटे. तो दोनदा आला, दोन्ही वेळा टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसला, मग आलाच नाही. याडविगा तेवढी रोज येई. ती पूर्वीसारखी टोमणे मारत नसे, नुसती बटाटे सोलत बसे. एकदा मान वर न करता म्हणाली, "मीच सगळ्यांची तोंडं बांधली, अनेले." अनेलेबाईंनी तिच्या हातातली सुरी घेतली आणि स्वतः सोलायला लागल्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी चर्चहून आल्यावर फोन वाजला. आयर्लंडहून इनिता होती.

"अनेलेबाई, बाबा आहेत का तिथे? पाच आठवडे झाले. मुलगी रोज विचारतेय."

"येतील एवढ्यात," अनेलेबाई म्हणाल्या. मग त्यांना आपलंच बोलणं ऐकवेना. "नाही गं, येत नाहीत ते. मी जाते त्यांच्याकडे. तू फोन ठेवू नकोस."

त्यांनी बूट चढवले, शाल घेतली आणि पडदा समोर धरून बर्फातून निघाल्या. नात फोनवाल्या आजीला काहीबाही सांगत होती. पहिला दात पडला होता, तो कागदावर चिकटवून तिने फोनच्या काचेला लावून दाखवला. त्याच्याखाली काय लिहिलंय ते फक्त आजोबांना सांगणार होती. वेशीवरच्या क्रूसापर्यंत चित्र नीट होतं. दोनाटचं घर तळ्याकाठी खोलगटात आहे. उतार लागला तसं चित्र अडखळलं, तोंड उघडं असतानाच पोरीचा चेहरा थिजला, आणि पडदा काळा झाला. अनेलेबाई पुन्हा चार पावलं वर चढल्या, खाली आल्या, हात उंच धरून पाहिला. मग फोन शालीत गुंडाळून त्यांनी दार वाजवलं.

दोनाटने दार उघडलं. त्यांना पाहून तो घाईघाईने अंगरख्याची बटणं लावू लागला.

"इनिताचा फोन होता," त्या म्हणाल्या. "वाटेत तुटला. चला वर, क्रूसापाशी लागतो."

त्याने बाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. "माझ्याच्याने नाही चढवायचं आता. बसा तुम्ही." त्याने खुर्ची पुढे सरकवली. "काय म्हणाली पोरगी?"

अनेलेबाई बसल्या. जे जे आठवत होतं ते ते त्यांनी क्रमाने सांगितलं, दात कोणत्या बाजूचा होता तेही. दाताखाली लिहिलेलं काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि तो पुनःपुन्हा तेवढंच विचारत राहिला.