वहिनीच्या मागच्या दारातला बोदली नाला

तुमसरच्या राईस मिलमध्ये धान घेऊन आलेला आमच्या हिरडीचा गाडीवान बैल न सोडताच माझ्या सासरच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, चाला. तुमची वहिनी गेली पहाटेले." दोन दिवसांचा ताप, म्हणाला. मी लुगडंही न बदलता गाडीत बसले. वाटभर मला रडू आलं नाही, रागच येत राहिला. यशोदावहिनी तापाने गेली हे गावाला सांगायला ठीक आहे. मी तिची नणंद, त्या घरची मुलगी. तिला कशाने खाल्लं ते मला ठाऊक आहे.

ते समजायला बोदली नाला ठाऊक असावा लागतो. नकाशात तो शोधू नका. गावामागच्या टेकाडाखाली जुना तलाव आहे, त्याच्या सांडव्यातून तो निघतो, मोहाच्या झाडांतून वाकडातिकडा उतरतो, धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, वळसे घालतो आणि कोसभर पुढे वैनगंगेत नाहीसा होतो. अलीकडच्या काठाला आमची हिरडी, पलीकडे टेंभरी. टेंभरी म्हणजे वहिनीचं माहेर. आईबाप लवकर गेले, उरला एकटा भाऊ, दौलत. दादाशी लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा बायका हसायच्या, ही नवरी नाला ओलांडून सासरी आली, पदराचं टोकही नीट भिजलं नाही म्हणून. आमच्या मागच्या दारातून दौलतच्या घराची कौलं दिसायची. भाजीला मीठ कमी पडलं तरी ती माहेरी जाऊन यायची... इतकं ते जवळ होतं.

दोन्ही गावांची शीव म्हणजे नालाच. दरवर्षी पूर ओसरला की तो एका काठाची माती कातरायचा आणि दुसऱ्या काठाला आणून टाकायचा. ज्याच्या काठाला माती पडली त्याने तिथे वांगी, लाखोळी लावायची. ज्याची गेली त्याने पुढच्या पुराची वाट बघायची. आजोबा-पणजोबांपासून हे असंच चालत आलेलं, आणि त्यावरून कधी कुणी कुणाची गचांडी धरली नव्हती. हातभर मातीचा तो व्यवहार होता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका भादव्यात नाल्याने तो व्यवहार मोडला. एका वळणाशी त्याने पात्रच सोडलं आणि दौलतच्या बांधीच्या मागून नवी वाट काढली. पूर उतरला तेव्हा दौलतची अख्खी बांधी, पोटऱ्यात आलेल्या धानासकट, आमच्या काठाला होती. त्याच धानाच्या रोवण्याला वहिनी माहेरी जाऊन भावजयीच्या बरोबरीने चिखलात राबली होती. सगळ्यांना वाटलं, दौलत येईल आणि आपला धान कापून नेईल. दुसरं काय होणार?

दिवाळीआधी धान पिवळा झाला आणि दादाने विळे काढले. मी तेव्हा माहेरीच होते. "दादा, अरे धान त्याचा आहे," मी म्हटलं. "नाल्यानं देल्ला तो आपला. आबाच्या काळापासून हेच चालून राहिलं," दादा म्हणाला. हातभर मातीचा रिवाज त्याने उभ्या पिकाला लावला आणि गावातल्या चार शहाण्यांनी माना डोलावल्या. दादा-वहिनी बांधीत कापायला उतरले तेव्हा पलीकडच्या काठावर दौलत आला. पाणी गुडघाभर होतं, पण तो उतरला नाही. तिथूनच ओरडला, "यशोदे, इळा खाली ठेव!" दादा म्हणाला, "कापत राय." वहिनीने विळा खाली ठेवला. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि पुन्हा उचलला. दौलत म्हणाला, "आजपासून तुले माहेर नाही." तो गेला. ती संध्याकाळपर्यंत कापत राहिली.

पुढे एकदा तीच मला म्हणाली होती, "एक म्हणे ठेव, एक म्हणे काप. मले काय वाटते ते कोणीच नाही इचारलं, बाई." एवढंच. एरवी तिने या विषयावर तोंड उघडलं नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने ताट केलं, सुपारी, निरांजन, करंज्या, सगळं. आणि मागचं दार उघडं ठेवून बसली. दौलत त्याच्या खळ्यात फिरताना दिसत होता. आला नाही. दिवस मावळताना तिने दारात उभं राहून चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, हिचा भाऊ तर हाकेच्या अंतरावर! पुढे दरवर्षी हेच. बिजेची कोर टेंभरीच्या कौलांवर टेकलेली असायची. मी एकदा विचारलं, "वहिनी, खरं सांग, चंद्राला ओवाळतेस की दौलतला?" ती हसली. "दोघंही एकाच अंगाले हायेत, बाई. ज्याले लागलं त्याले लागलं."

आणि ज्या बांधीपायी हे झालं तिचं काय झालं? दौलत मोहाडीला तहसिलीत गेला, दादाही गेला, मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली आणि दोघांनाही नांगर लावायला बंदी झाली. आज तिथे बेशरमाची झुडपं माजली आहेत, गुरंही तोंड लावत नाहीत. नंतर वरच्या अंगाला बंधारा झाला आणि नाल्याचं पाणीच तुटलं. आता पाऊस सरला की त्यातून बैलगाड्या जातात. कुठला जुना नाला आणि कुठला नवा, हे आमच्या पोरांना सांगूनही पटत नाही.

मी पोचले तेव्हा वहिनीला अंगणात ठेवलं होतं आणि सगळे खोळंबले होते. सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय उचलत नाहीत. दौलत आला. कोरड्या नाल्यातून, पायाला पाण्याचा थेंब न लागता, काखेत हिरवं लुगडं घेऊन. माझा तोल गेला. "आता सुचलं होय रे यायला?"

"लुगडं तं माहेरचंच लागते ना, बाई," तो खाली बघून म्हणाला.

"आणि भाऊबीजेला काय लागत होतं?"

दादाने सरकून त्याला जागा दिली. माती देऊन आल्यावर दोघांनी एकाच डबीतली तंबाखू चोळली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रडले. गाव म्हणालं, बरं झालं, जाता जाता बाईने दोघांना एक केलं. मला त्या वाक्याची शिसारी आली. ती जिवंत असताना यांना एक व्हायला कुणी हात धरले होते?

तेरावं करून निघताना मागच्या दाराजवळच्या कोनाड्यातलं ते पितळी ताट मी उचललं. कडेला निरांजनाची काजळी बसलेली आहे, ती मी घासलेली नाही. कुणी मला ने म्हटलं नाही, मी विचारलंही नाही.

परवा दादाचा निरोप घेऊन तोच गाडीवान आला. घरात दिवाळी नाही, पण भाऊबीजेला ये. दौलतही येणार आहे. "त्यालेही आता बहीण राह्यली नाही, तं दोघायलेही तूच ओवाळजो, असं म्हणे दादा."

मी गेले नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी ते ताट घेऊन तुमसरच्या आमच्या मागच्या दारात उभी राहिले आणि कोर बुडायच्या आत चंद्राला ओवाळलं.