चिमूटभर ज्वारी

सर्पोद्यानातल्या गणपतमामांनी अजगराच्या काचेच्या पेटीत जिवंत उंदीर सोडला आणि त्याच्यापुढे चिमूटभर ज्वारी टाकली.

मी म्हटलं, "किती माया तुम्हाला!"

"माया कसली, ताई? अजगराला भूक नसली, तर उपाशी उंदीर त्यालाच कुरतडतो." पेटीवर नजर ठेवून ते तिथेच बसून राहिले.

उंदीर मागच्या पायांवर बसून एकेक दाणा खात होता. मला बाबा आठवले. त्यांना घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "आता पथ्य नको. हवं ते खाऊ द्या." केवढा आनंद झाला होता आम्हाला! मी लगेच आम्रखंड केलं. बाबा दोन घास खाऊन म्हणाले, "उरलेलं उद्याला ठेव."

पुन्हा पेटीकडे पाहिलं, तर उंदीर नव्हता. चार दाणे तेवढे उरले होते.