तीन अक्षरं आणि पाण्याची धार

"साहेब आले न्हाईत का?"

नांदेडच्या एका दुकानात गाडी धुवायची मशीन घ्यायला मी शिरले, तेव्हा दुकानदाराने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, साहेबांना गाडी चालवता येत नाही. हे खरं आहे. माझा नवरा वर्षानुवर्षं स्कूटरवर ऑफिसला जातो, आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसला की दाराच्या वरची कडी घट्ट धरून ठेवतो. गाडी माझी आहे. माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावरची, आणि नांदेडहून कंधारच्या बाजूला माझ्या शाळेपर्यंत रोज मीच रेटते ती. दुकानदाराने हे सगळं ऐकून घेतलं आणि तरी तो माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. साहेब मागून येतीलच, अशी त्याला खात्री असावी.

मग त्याने मोठं खोकं पुढे ओढलं. "ही घ्या म्याडम. लई पावर हाय. फरशीवरचं वाळलेलं सिमेंट उकरून काढते."

"मला सिमेंट उकरायचं नाही."

"आता न्हाई, पण पुढं लागंल की."

सिमेंट मला पुढेही लागणार नव्हतं. मला कमी जोराची मशीन हवी होती, हे त्या माणसाला मी तीन वेळा सांगितलं. तीनही वेळा त्याने दया आल्यासारखं बघितलं. जास्त जोर असताना कमी जोर मागणारी बाई म्हणजे हिला काही कळत नाही, हा त्याचा हिशेब. पालथ्या घड्यावर पाणी. मला कमी जोर का हवा होता, ते त्याला सांगण्याची माझी इच्छा नव्हती. इथे सांगते.

माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर माझ्या आईचं नाव होतं. नुसतं नाव, तीन अक्षरांचं, आडनाव नाही. ते मी इथे लिहीत नाही, ते काचेसाठी होतं. आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या मागे काही ना काही लिहिलेलं असतंच. कुणाचा आशीर्वाद, कुणाची कृपा, कुणाच्या लेकरांची नावं ओळीने. मला त्याचं हसू यायचं. मी नवी गाडी घेऊन माहेरी गेले, हिमायतनगरच्या बाजूला, तर आई गाडीला चक्कर मारून मागे जाऊन उभी राहिली.

"बाई, लोकायच्या गाडीवर मागं काय काय लिव्हलेलं राहते. तुझ्या गाडीवर मी लिव्हू का?"

"काय लिहितेस?"

"माझं नाव. मला तर तेवढंच येते."

तेवढंच यायचं हे खरं. मी चौथीत असताना तिला सही शिकवली होती, चुलीतल्या कोळशाने भिंतीवर. त्याआधी ती रेशनच्या दुकानात अंगठा उठवायची आणि शाई पुसायला कागद मागितला की दुकानदार खेकसायचा. सही यायला लागली तेव्हा तिने पुढच्या वेळी मुद्दाम त्याच्यासमोर वेळ लावून सही केली. मागे रांग खोळंबली तरी हलली नाही. माझा स्वभाव कुठून आला, हे कुणाला शोधायचं असेल तर तिथे शोधावं.

मी तिला तालुक्याच्या रेडियमवाल्याकडे नेलं. त्याने तिच्याकडून कागदावर सही करून घेतली, पांढऱ्या रेडियमवर तो कागद ठेवला आणि ब्लेडने दोन्ही एकदमच कापलं. शेवटच्या अक्षराची काठी ती नेहमी खाली लांब ओढायची, तीसुद्धा त्याने तशीच ठेवली. चिकटवायला तो पुढे झाला तर आई म्हणाली, सरक. तिने स्वतः ती तीन अक्षरं काचेवर बसवली आणि अंगठ्याने दाबत दाबत, एकेक बुडबुडा बाहेर काढत, पक्की केली. मधलं अक्षर जरा तिरकं बसलं. मी गाडीत बसून आतल्या आरशात बघितलं तर ते नाव आरशात सुलट दिसत होतं. त्यानंतर शाळेला जाताना ती रोज माझ्या मागे असायची. पुढच्या वर्षी ती गेली, आणि तरी असायची.

कंधारकडच्या रस्त्याची काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. पावसाळ्यात चाकाच्या वर हातभर गोळा बसतो आणि वाळला की खरवडून निघत नाही. म्हणून मी गाडी वॉशिंग सेंटरला द्यायचे. एके दिवशी तिथल्या माणसाने फोनवर बोलत बोलत, लक्ष न देता, मागच्या काचेवर धार धरली आणि शेवटच्या अक्षराची ती लांब काठी टोकाला उचलली गेली. मी ओरडले. तो म्हणाला, "स्टिकरच हाय की ताई." मी त्याच दिवशी ठरवलं की आता ही गाडी माझ्याशिवाय कुणी धुणार नाही.

आता मशीन निवडणं ही गोष्ट. पंधरा दिवस मी फोनवर व्हिडिओ बघितले. त्यातला प्रत्येक माणूस आधीच धुतलेली लाल गाडी पुन्हा धुतो आणि पाण्याला कुठे तोटा आहे असं त्याच्याकडे बघून वाटत नाही. खालचे अभिप्राय वाचले. "एक नंबर मशीन, अजून वापरली नाही." हा माणूस मला सापडला तर मी त्याला वापरायला लावीन. बहुतेक मशीन नळाला जोडायच्या. आमच्या पार्किंगमध्ये नळ नाही, आणि प्लगही नाही. म्हणजे मला बॅटरीची हवी, बादलीतून पाणी ओढणारी हवी, आणि जिची धार पंख्यासारखी पसरते अशी हवी. टोकदार धार नकोच. इतकं साधं मागणं. पण प्रत्येक दुकानात मला टोकदार धारच दाखवत होते, पुठ्ठ्याला भोक पाडून.

शेवटी त्या पहिल्याच दुकानदाराने माळ्यावरून एक छोटं खोकं काढलं. "ही हाय, पण ही कुंड्यायला पाणी घालायची हाय म्याडम. तुम्हाला न्हाई आवडायची." मी तिथेच बादली मागवली. पाइपचं जाळीचं टोक बादलीत सोडलं, गन दाबली, नोझल फिरवून धार पसरट केली आणि स्वतःच्या तळहातावर धरून बघितली. टोचली नाही. मी ती घेतली. दुकानदार शेवटपर्यंत म्हणत होता, साहेबांना एकदा दाखवून घ्या.

मशीन चांगली निघाली, हे मान्य करायला हवं. दोन बादल्यांत गाडी व्हायची. चाकाच्या वरची माती भिजवून ठेवली की दहा मिनिटांनी सुटायची. कूलरच्या जाळ्या, गच्चीची शेवाळलेली कड, नवऱ्याची स्कूटर, सगळं मी त्या उन्हाळ्यात धुऊन काढलं. मागच्या काचेवर मात्र आधी ओला टॉवेल टाकायचा, बाकीचं धुऊन घ्यायचं, आणि काच शेवटी हाताने, फडक्याने, अक्षरांच्या कडेकडेने. उचललेलं टोक मी अंगठ्याने दाबून बसवलं होतं. ते बसलं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं माझ्या जिभेमुळे झालं.

लातूरला माझे मोठे दीर असतात. भाऊजी. उंटावरचा शहाणा कसा दिसतो हे पाहायचं असेल तर त्यांना पाहावं. भूकंपापासून फोडणीपर्यंत त्यांना सगळं कळतं. मशीनची गोष्ट नवऱ्याच्या तोंडून त्यांना कळली आणि त्यांनी मला फोन केला.

"म्याडम, पिचकारी घेतली म्हणं. रंगपंचमी हाय का?"

मला ते म्याडम म्हणतात ते माझ्या नोकरीला टोमणा म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी घेऊन येते, बघाच तिचा जोर. म्हणजे ज्या मशीनचा जोर कमी आहे म्हणून मी निवडली, तिचा जोर दाखवायला मी तिला डिकीत टाकून लातूरला नेलं. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

लातूरला नळ रोज येत नाही. आठ-दहा दिवसांनी येतो, आणि येतो त्या दिवशी घरात दुसरं काही चालत नाही. आम्ही गेलो त्याच रविवारी सकाळी नळ आला. ज्यांना हे माहीत नाही त्यांना एक गोष्ट खोटी वाटेल. जे लोक आठ दिवस तांब्या-तांब्याने पाणी वापरतात, तेच लोक नळ आला की पिंपात उरलेलं पाणी फेकून देतात. ते शिळं झालं. ताजं पाणी शिळ्यावर घ्यायचं नाही, पिंप रिकामं करून, घासून, मग भरायचं. मला हे कधी पटलं नाही. पण माझी जाऊ हातात पाइप घेऊन उभी असताना तिच्याशी वाद घालणार कोण? मी साडी खोचली आणि स्वयंपाकघरातली भांडी भरायला लागले. गाडीची किल्ली खुंटीवर होती.

अंगणातलं मोठं पिंप अर्धं भरलेलं होतं. एवढं शिळं पाणी वाया जाणार, म्हणून भाऊजींना सद्बुद्धी सुचली. त्यांनी डिकीतून मशीन काढली, पाइप पिंपात सोडला आणि गाडी धुवायला घेतली. नोझल फिरवायचं असतं हे त्यांना बरोबर कळलं. ते त्यांनी उलट्या बाजूला, शेवटपर्यंत फिरवलं. धार म्हणजे धार पाहिजे.

मला आत मशीनच्या मोटरचा आवाज आला. नळाच्या आवाजात आधी कळला नाही. कळला तेव्हा मी हातातला हंडा तसाच टाकून बाहेर धावले.

भाऊजी मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर गन धरून उभे होते. काच लखलखत होती. वर काही नव्हतं.

मी पायरीवरून उतरून अंगणातल्या नालीत बघितलं. पहिली दोन अक्षरं पाण्याबरोबर पुढे रस्त्याच्या गटारात गेली होती. तिसरं नालीच्या जाळीला अडकलेलं सापडलं, स्वतःला स्वतः चिकटून त्याची गोळी झाली होती. मी ती उलगडायचा प्रयत्न केला तर फाटली.

भाऊजींना माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी झालंय हे कळलं. ते म्हणाले, "चिकटपट्टीच होती की म्याडम. उद्याच्याला दुसरी मारून देतो. चांगल्या अक्षरात."

चांगल्या अक्षरात.

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. जाऊबाई पाइप सोडून बाहेर आली, पाणी वाहत राहिलं, शेजारच्या गच्चीवर माणसं गोळा झाली. भाऊजी म्हणाले, माहेरचं नाव लावून फिरायचं आणि वर सासरच्या माणसाला बोलायचं. म्हणजे ते काय आहे हे त्यांना माहीत होतं. इतके दिवस डोळ्यांत खुपत होतं. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण हात आखडावा असं त्यांना वाटलं नाही, एवढं मी शपथेवर सांगते. मी न जेवता निघाले. नवरा शेजारी कडी धरून बसला आणि म्हणाला, आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याला म्हटलं, दात तुमचे असतील.

पुढे तोच म्हणाला की आईची सही तिच्या पासबुकावर आहे, त्यावरून पुन्हा कापून घेता येईल. येईल की. रेडियमवाला अजून आहे. पण तो ती स्वतःच्या अंगठ्याने बसवणार, आणि सरळ बसवणार.

त्यानंतरच्या शनिवारी शाळेतून निघताना मी गाडी मागे घ्यायला आरशात बघितलं. चार-पाच दिवसांची धूळ काचेवर बसली होती. जिथे अक्षरं होती तिथे काचेवर गोंद राहिला होता, आणि गोंदाला धूळ जास्त चिकटली होती. नाव दिसत होतं. मळकं, काळ्या मातीचं, मधलं अक्षर तिरकं, आरशात सुलट. मी गाडी बंद करून बसून राहिले. शिपाई येऊन विचारून गेला, बाई, बंद पडली का?

तेव्हापासून ती काच मी धूत नाही. बाकीची गाडी त्याच मशीनने लख्ख असते आणि मागची काच जत्रेतून आल्यासारखी. पाऊस आला की नाव जातं. मग उघडीप झाली की मी डांबरी रस्ता सोडून गावाच्या कच्च्या वाटेने जाते, खिडक्या लावून, मुद्दाम जोरात. संध्याकाळपर्यंत ती परत येते.

दिवाळीला भाऊजी नांदेडला आले. मिटवायला, असं नवऱ्याने सांगितलं. उतरल्या उतरल्या त्यांनी गाडीची मागची बाजू बघितली, खिशातून रुमाल काढला आणि म्हणाले, "गोंद ऱ्हायला म्हणून घाण बसून ऱ्हायली. पेट्रोल आना थोडं, एका मिनटात निघंल."

मी त्यांच्या आणि काचेच्या मधे जाऊन उभी राहिले. भाऊजींनी रुमाल परत खिशात घातला आणि चपला काढून ते घरात गेले. त्यांना चहा मी दिला. बोलले नाही.

गोंदही कायमचा नसतो. शेवटच्या अक्षराची लांब काठी आता जवळजवळ दिसत नाही, तिच्यावर धूळ थांबत नाही. बाकीची दोन अक्षरं अजून धरून आहेत. नाव दिसतंय तोवर मी भाऊजींना माफ करणार नाही, आणि दिसेनासं झाल्यावर तर मुळीच नाही.