पोळपाटाचं कुंकू

आमचा पोरगा गिटारी बनवतो. द्वारका चौकाच्या मागं पत्र्याचं शेड हाय, तिथं. आधी बापासारखा दारं-चौकटी करायचा. बाप गेला तवा हा रांगत व्हता. मी देवळ्याला खळ्यावर कांदे निवडायला जायचे. डोळ्यातून पाणी गळायचं, तर बाया म्हणायच्या, बिचारी रडती. कांद्यानं रडत व्हते. नवऱ्यासाठी रडायला सवड नव्हती.

तर गिटारीला मान असती, मानंवर डोकं. काही गिटारींच्या डोक्यात दोन लांब खाचा असतात, आरपार, शेजारी शेजारी. तारा त्यात गुंडाळायच्या. पोरगा त्या हातानं काढायला गेला, तर एक खाच येवल्याकडं तोंड करून आन दुसरी देवळ्याकडं. दोन माना अशाच वाया गेल्या. मग म्हणला, साचा पाहिजे. साचा म्हणजे फळी, खाचा आधीच बरोबर काढलेली. ती गिटारीच्या डोक्यावर आवळायची आन मशीनचं पातं फळीतल्या खाचंच्या कडंकडंनं फिरवायचं. फळीत जशी खाच, तशी खाली उमटती. प्लायवूडचा साचा केला, तो झिजला.

एक दिवस सकाळी मी कणीक मळून बसले.

"पोळपाट कुठंय रं?"

"आई, ते शिसवी व्हतं ना?"

"व्हतं?"

पोरगा खाली बघाया लागला. "लय कडक लाकूड. लाटून लाटून एकदम सपाट झालेलं. असं बाजारात मिळत नाय."

"माझ्या लग्नातलं हाय ते."

"म्हणून तर."

पोळपाटाचा साचा झालेला: पाय काढून टाकलेले, मधोमध दोन खाचा. मी बघितलं आन ओट्याच्या फरशीवर पोळ्या लाटल्या. पोळी पोळीच झाली.

येवल्याच्या एका बाईनं तसली खाचांची गिटार करायला सांगितली व्हती. चांगल्या लाकडाची एकच मान उरलेली. पोरगा म्हणला, "ही बिघडली तर गिटारीचं नाव काढणार नाय. परत चौकटीच." असं बोलला की बापासारखा दिसतो.

तेवढ्यात खंडेनवमी आली. करवत, रंधा, मशीन, सगळं पाटावर मांडलं. पोळपाट मधी, नवरदेवासारखं. सुनेनं ओलं हळद-कुंकू खाचंच्या आत लावलं, वर अक्षता. म्हणली, काम तिथंच होतं ना.

दसरा झाल्यावर पोरानं आधी भंगार लाकडावर खाच काढून बघितली. खाचंच्या कडंला फोड आलेला, टेंगळासारखा. पातं बदललं, तरी फोड. मशीन खोललं, पुसलं, परत जोडलं, फोड तिथंच. मग पोळपाटाच्या खाचंत बोट फिरवलं. तांदळाचा दाणा. कुंकवात वाळून खडा झालेला.

"खरवडतो."

सून आडवी आली. "अहो, पूजेचं कुंकू खरवडता?"

"मशीन दाण्यावरून उडी मारतंय, त्याचं काय?"

"जाईल की आपोआप."

"येवल्याची बाई येऊन बसंल, तवा?"

बोलला खरा, पण त्याचाबी हात पुढं जाईना. दोघं पोळपाटाभोवती उभे, दवाखान्यात उभं राहतात तसे.

मी घरातून उलथनं आणलं.

"आत्या, तुम्ही तरी." सून म्हणली.

"अगं, माझं कुंकू गेलं तवा मी मेले नाय. कांदे निवडायला गेले. हे तर पोळपाट हाय."

मी खरवडलं. दाणा उडाला तो पोराच्या चहात. "प्रसाद हाय," मी म्हणलं. त्यानं गुमान पिऊन टाकला.

मग चांगली मान घेतली, वर पोळपाट आवळलं, मशीन चालू केलं. सुनेनं माझा दंड धरला, लय जोरात. मशीन थांबलं. पोरानं फुंकर मारली, भुसा उडाला. दोन खाचा, सरळ, शेजारी शेजारी, दोघींचं तोंड एकीकडं. पोरगा नुसताच त्यातून बोट फिरवत बसला.

सून आत गेली आन कुंकवाची वाटी घेऊन आली. तो काही बोलायच्या आत तिनं पोळपाट उलटं केलं आन मागच्या बाजूला, जिथं पाय व्हते तिथं, बोट टेकवलं.

"इथं चालंल ना?"

"चालंल," पोरगा म्हणला. "अक्षता नको."