बरी हाय जी

लाखनीजवळच्या आमच्या गावात रत्नमालाबाई आशाताईचं काम करते. दरवर्षी हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन ती दारोदार फिरते आणि माणूस समोर गोळी गिळेपर्यंत जागची हलत नाही. "मले काही झालं नाही, कायले खाऊ?" असं कोणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "झालं नाही म्हणूनच खा जी. पाय सुजल्यावर माह्या गोळीनं उतरत नाही."

या बाईला स्वतःला जबर दमा. दोन वर्षांपूर्वी मरता मरता वाचली. नागपूरच्या डॉक्टरांनी महिन्याला एक महागडं इंजेक्शन सुरू केलं, तेव्हापासून एकही अटॅक नाही. खर्च नवऱ्याने, टेकचंदने, काढलेल्या विम्यातून निघायचा. यंदा विमा कंपनीतून एका पोरीचा फोन आला. "मॅडम, तब्येत कशी आहे?"

"बरी हाय जी," रत्नमाला म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे स्ट्रेचरवरचा माणूसही हेच म्हणतो. त्या दीडशहाण्यांनी ते लिहून घेतलं. पंधरा दिवसांत पत्र आलं: रुग्ण स्वतः बरी असल्याचे सांगते, औषध प्रतिबंधात्मक आहे, दावा नामंजूर. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण साध्या शिष्टाचाराचा असा अर्थ काढणारे नग पहिल्यांदाच पाहिले.

अपील मीच लिहिलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं. उत्तर आलं, वर्षभरात अटॅक नाही, म्हणजे इंजेक्शनची गरज नाही. निर्लज्जपणाची हद्द झाली. मग विमा लोकपालांकडे तक्रार केली. तोवर दोन महिने इंजेक्शन बंद होतं, कारण पदरचं विकत घेणं त्या घराच्या आवाक्याबाहेर होतं.

सुनावणी माझ्या मोबाईलवर, व्हिडिओ कॉलने झाली. कंपनीच्या टायवाल्याने विचारलं, "सध्या तुम्हाला काही त्रास आहे का?"

 रत्नमाला म्हणाली, "छाती भरून येते थोडी. मी कवा पडतो, याची वाट पाहून राहिले का तुमी?"

तो कागद चाळत बसला. ते बघून मला आनंद झाला, अगदी खुनशी आनंद.

निकाल तिच्या बाजूने लागला, पण तीन आठवड्यांनी. त्याच्या चार दिवस आधी तिला भंडाऱ्याला आयसीयूत ठेवावं लागलं होतं. वाचली. ते बिल मात्र कंपनीने एका दिवसात मंजूर केलं. कोणी फोनसुद्धा केला नाही.