दोन मिनिटं मराठी

आमच्या मंडळात मला कुणी घाबरत नाही, असं माझा नवरा म्हणतो. ते खोटं आहे. परदेशातल्या आमच्या टार्निट उपनगरातली निम्मी मराठी कुटुंबं मला घाबरतात आणि त्याला कारण मंडळाचा एक नियम आहे. तो नियम मी केला.

तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत एका उत्साही मुलाने सूत्रसंचालन हिंदीत सुरू केलं. 'तालियाँ रुकनी नहीं चाहिए, गाइज' असं तो मोदकांच्या नैवेद्यानंतर म्हणाला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्ध पेटलं. एका बाजूचं म्हणणं, आपले पंजाबी आणि तेलुगू शेजारी प्रेमाने येतात, त्यांना काही कळायला नको का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मग मंडळाच्या नावातलं 'मराठी' काढून टाका. चौथ्या दिवशी दोन्ही बाजू थकल्यावर मी मसुदा टाकला: स्टेजवर फक्त मराठी, आणि नव्या सभासदाने समितीसमोर स्वतःबद्दल दोन मिनिटं मराठीत बोलायचं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. तपासणीचं काम ओघानेच माझ्याकडे आलं.

खरं सांगायचं तर नापास कुणी होतच नव्हतं. येणारे सगळे पुण्या-मुंबईचे. 'मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, डिलिव्हरी मॅनेज करतो, वीकेंडला गार्डनिंग आवडतं' एवढं बोलले की मी त्यांच्या अर्जावर 'हो' लिहायचे. मान ताठ ठेवून लिहायचे, एवढंच. घरी माझी चौदा वर्षांची मुलगी माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते ही गोष्ट मंडळात सगळ्यांना ठाऊक होती, पण ती काढायची कुणाची हिंमत नव्हती.

गेल्या जुलैत कौन्सिलच्या हॉलमध्ये आरतीची तालीम चालू होती. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; बाहेर कडाक्याची थंडी, आत हीटर कुरकुरतोय आणि आम्ही वीस जण फोनमध्ये बघून आरत्या म्हणतोय. इतक्यात मागून एक खणखणीत आवाज आमच्यात मिसळला. फोन नाही, कागद नाही, टाळ्यांचा ठेका पक्का. आम्ही तिसऱ्या कडव्याला अडखळलो, तो आवाज पुढे गेला आणि आम्ही त्याच्या मागे गेलो.

मागे सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. ठसठशीत कुंकू, स्वेटरवर गुंडाळलेली नऊवारी आणि पायात मुलाचे असावेत असे जाड बूट. शेजारी त्यांची सून, गाडीची किल्ली हातात घेऊन. सुनेच्या गळ्यात छोटा सोन्याचा क्रॉस होता. तो आमच्या वीस जणांपैकी वीस जणांनी पाहिला.

बाई मॉरिशसच्या. पाच पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज कोकणातून तिकडच्या उसाच्या मळ्यात गेले. आडनाव अस्सल आपलं. घरात गणपती कधी चुकला नाही, असं सून सांगत होती. बाई मात्र गप्प, कारण आरत्या सोडल्या तर त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांची बोली क्रिओल, वाचायची भाषा फ्रेंच, इंग्रजी अडखळत.

आता माझ्या मुलीच्या शाळेत दुसरी भाषा फ्रेंच. मराठीच्या वर्गाला कंटाळणारी ही मुलगी फ्रेंचमध्ये वर्गात पहिली. ती हॉलच्या कोपऱ्यात गृहपाठ करत बसली होती, ती उठून आली आणि बाईंशी फ्रेंचमध्ये बोलायलाच लागली. बाईंचा चेहरा उजळला. मी आपली दोघींच्या तोंडाकडे बघत उभी.

"आई, शी वॉन्ट्स टु बी अ मेंबर," मुलगी म्हणाली. "मेंबर असेल तरच आरतीचा मान मिळतो ना? तिला एकदा करायचीय. इन फ्रंट ऑफ मराठी पीपल. तिकडे त्यांच्या गावात लोक म्हणायचे, यू आर नॉट रिअली मराठी. आणि इंडियातले मराठी म्हणायचे, यू आर मॉरिशियन."

मला त्याच वेळी गहिवरून यायला हवं होतं. त्याऐवजी मी अर्ज काढला.

पुढच्या रविवारी समितीसमोर त्यांची दोन मिनिटं झाली. मी विचारलं, "आपल्याबद्दल थोडं सांगा." बाईंना प्रश्न कळला की नाही देव जाणे. त्यांनी छातीवर हात ठेवला, म्हणाल्या, "मी... मराठी." मग पुढे शब्द सापडेना. घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद उरले होते आणि आम्ही पाच जण ते उरलेले सेकंद बघत बसलो. शेवटी त्यांनी हात जोडून एक अख्खं स्तोत्र म्हटलं, न चुकता.

मी 'नाही' लिहिलं. लिहिताना हात जरा थांबला होता, हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. थांबला होताच, पण लिहिलं तेही खरंच.

व्हॉट्सॲपवर पुन्हा युद्ध. यावेळी आघाड्या दोन होत्या. भाषेची जुनीच: एक बाई फ्रेंचमध्ये बोलल्या तर उद्या आरत्या फ्रेंचमध्ये होतील, असं एका काकांना मनापासून वाटत होतं. आणि दुसरी आघाडी त्या क्रॉसची. 'आपला धर्म अत्यंत सहिष्णू आहे,' असं ज्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, त्यांनीच पुढच्या ओळीत विचारलं की सून आरतीचं ताट धरणार का. त्याला उत्तर म्हणून कुणीतरी नमस्काराचे अठरा इमोजी टाकले. ते कुणाच्या बाजूचे, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

अध्यक्षांनी वैतागून सर्वसाधारण सभा बोलावली. शनिवारची दुपार, बाहेर फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, मॅच सोडून लोक आले, म्हणजे प्रकरण किती पेटलं होतं बघा. बाई पुढच्या रांगेत, त्यांच्या एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला दुभाषी म्हणून माझीच मुलगी. घरात भांडणाची सोय व्हावी अशी ती व्यवस्था होती.

क्रॉसचा मुद्दा आधी निघाला. सून उठली. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आवाज शांत. तिने इंग्रजीत सांगितलं की मॉरिशसमध्ये तिच्या गावी एका गल्लीत चर्च, देऊळ आणि मशीद आहे, आणि भांडणं होतात, नाही असं नाही. पण ती गाड्या कुठे लावायच्या यावरून. भाषेवरून मात्र तिथे रोज वाद. शाळेत इंग्रजी की फ्रेंच, सभागृहात क्रिओल चालेल का, आपली घरची भाषा सरकारने शिकवावी का. "माझ्या सासूबाई म्हणतात, इंग्लिश अर्जासाठी, फ्रेंच पेपर वाचायला, क्रिओल भांडायला आणि मराठी देवाला." मग ती जरा हसली. "मी लग्न झाल्यापासून दरवर्षी मोदक करते. हाताने."

ते 'हाताने' आमच्या वर्मी लागलं. मंडळाचे मोदक इंडियन दुकानाच्या फ्रीजरमधून येतात हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. तरी कुणीतरी गुरुजींचं मत विचारलंच. आमचे गुरुजी आठवडाभर बँकेच्या सर्व्हरवर काम करतात आणि शनिवार-रविवारी धोतर नेसतात. ते म्हणाले, "ताट धरायला गळा लागत नाही, हात लागतात. पुढचा विषय घ्या. मला साडेतीनला वास्तुशांत आहे."

पुढचा विषय माझा नियम. एकाने सुचवलं, नियमच काढून टाका. दुसऱ्याने सुचवलं, कुठल्याही भाषेत बोला, भाषांतर चालेल. काकांनी फ्रेंच आरतीचा धोका पुन्हा समजावला. मी उठून बोलले, आणि चांगलं बोलले. नियम माणूस बघून बदलायचा नसतो, आज एकीसाठी वाकवला तर उद्या उरणार काय, आणि इतक्या दूर येऊन आपण भाषा नाही जपली तर कोण जपणार. टाळ्या पडल्या. मी बसणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला.

"आई, टेस्ट मी."

हॉल गार झाला. हीटर चालू असूनही.

"मी पण मेंबर आहे ना, फॅमिली मेंबरशिपमध्ये? सो टेस्ट मी. टू मिनिट्स."

आता सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? अध्यक्षांनी जमिनीकडे बघत घड्याळ लावलं. माझी मुलगी उभी राहिली. "माझं नाव..." ते सांगितलं. "मी टार्निटला राहते. मला... मला आवडतं..." आणि थांबली. तिला काय आवडतं ते तिला नक्की ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, ते मराठीत कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं. मी मनातल्या मनात शब्द पुरवत होते, ओठसुद्धा हलले असतील. वीस सेकंदांत ती बसली.

सगळे माझ्याकडे बघत होते. आत्ताच इतकं छान बोलले होते मी! म्हटलं, "नाही."

"नो वरीज, आई," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बाईंकडे वळून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली, बहुधा आपण दोघी नापास असं. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. घरी इतकी वर्षं तिच्या इंग्रजी उत्तरांवर मी नुसती हसले होते, आपली पोर किती स्मार्ट म्हणून फोनवर पुण्याला सांगितलं होतं, आणि परीक्षा घेतली ती अशी चारचौघांत.

नियम आता नक्की पडणार होता. हात वर व्हायलाही लागले होते. पण बाई उठल्या. फ्रेंचमध्ये बोलल्या, मुलीने भाषांतर केलं, तेही चुकत. "शी सेज, नियम काढू नका. प्लीज. तिला नियम हवाय. तिला पास व्हायचंय." आणि मग माझ्याकडे बोट. "शी सेज, तू शिकव."

अशा रीतीने सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी सकाळी माझ्या किचनमध्ये मराठीचा वर्ग भरला. विद्यार्थिनी दोन. मोठी गृहपाठ करून यायची, छोटी तिच्या वहीतून उतरवून घ्यायची. मोठी मला 'मादाम' म्हणायची, छोटी तिला 'आजी'. चहाच्या वेळी दोघी फ्रेंचमध्ये गप्पा मारायच्या, खिदळायच्या, मध्येच माझ्याकडे बघायच्या. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी मला एक अक्षर कळत नव्हतं. नवरा म्हणाला, "आता कळलं, समितीसमोर कसं वाटत असेल?" मी त्याला चहा दिला नाही.

मला त्या दोघींचा हेवा वाटत होता. हे त्याला सांगितलं नाही, पण वाटत होता.

गणपतीच्या सकाळी, प्रतिष्ठापनेआधी, फेरपरीक्षा ठेवली होती. हॉल भरलेला. स्मोक अलार्म वाजू नये म्हणून निरांजनात बॅटरीचे दिवे. सून ताट घेऊन उभी होती, क्रॉस गळ्यात होता तिथेच, आणि काका तिने केलेला तिसरा मोदक नैवेद्याआधीच 'चव बघायला' खात होते.

बाई स्टेजवर आल्या. कागद नव्हता. अध्यक्षांनी घड्याळ लावलं.

"मी मराठी," त्या म्हणाल्या. "माझी आजी मराठी बोलत होती. माझी आई मराठी बोलत होती, पण आजीशी. आमच्याशी नाही. आम्ही शाळेत पुढे जायला पाहिजे, म्हणून फ्रेंच." एक एक शब्द त्या जमिनीवर ठेवल्यासारखा ठेवत होत्या. "आम्ही फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. आई हसली. खूश झाली. आई कधी रागावली नाही." त्या थांबल्या, माझ्याकडे बघून हसल्या. "ह्या बाई फार कडक. मला नापास केलं. स्वतःच्या मुलीला नापास केलं. माझ्या आईने मला नापास केलं असतं, तर मी सत्तर वर्षांनी परीक्षेला बसले नसते."

घड्याळ कुणी बघितलं नाही. मी अर्जावर 'हो' लिहिलं, अक्षर वाकडं आलं. सुनेने ताट त्यांच्या हातात दिलं आणि बाई मूर्तीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पण आरती लगेच सुरू करेनात. अजून एकीची परीक्षा राहिली होती, आणि माझी मुलगी स्टेजच्या पायऱ्या चढत होती.